पातोंगला एकच दिवस आहे, पॅरासेलिंग करावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत सिंगापूरहून क्रूझ, पेनांग आणि फुकेत असे दोन थांबे. फुकेतला जहाज पातोंग किनाऱ्यासमोर नांगर टाकणार आणि किनाऱ्यावर तुम्हाला सहा-सात तास मिळणार. अकरा वर्षांच्या मुलाने पॅरासेलिंगचा हट्ट धरलाय, त्याचं वजन 34 किलो. सासरे 66 वर्षांचे, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात, पण तेही जायचं म्हणतात. बुकिंग जहाजावरून करावं की किनाऱ्यावर, आणि मुळात हे सुरक्षित आहे का?

मी मालवणचा. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत प्रशिक्षण घेतलं आणि सोळा वर्षं पॅरासेलिंगची बोट चालवली. दोन वर्षांपूर्वी बायको-मुलीला घेऊन याच मार्गावरच्या क्रूझला गेलो होतो, त्यामुळे पातोंगच्या वाळूवर उभं राहून तिथलं काम डोळ्यांनी पाहिलंय. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. मुलाला उडवायला हरकत नाही. पण पातोंगला वाळूवरून उडवतात त्या पद्धतीने नको. बोटीच्या डेकवरून उडवणारं कोणी मिळालं आणि वारा बरा असला तरच करा. नाही जमलं तर तो दिवस सोडून द्या. सासऱ्यांनी कुठल्याही परिस्थितीत वाळूवरून उडू नये.

पॅरासेलिंगच्या दोन पद्धती आहेत आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. जुन्या पद्धतीत माणूस वाळूवर उभा राहतो, मागे चार पोरं पॅराशूट उघडं धरतात, समोरच्या पाण्यातली स्पीडबोट दोर ताणते, माणूस दोन-चार पावलं धावतो आणि वर जातो. उतरायचं पुन्हा वाळूवरच. दुसऱ्या पद्धतीत बोटीच्या मागच्या बाजूला सपाट डेक असतो आणि दोर गुंडाळणारा विंच असतो. तुम्ही डेकवर बसता, दोर हळूहळू सुटतो आणि तुम्ही बसल्या बसल्या वर जाता. परत येताना विंच ओढून पुन्हा डेकवर बसवतो. पाय कोरडे राहतात. मालवणला आम्ही हेच करतो.

फरक कळतो तो काही बिघडलं की. डेकवरून उडताना खाली सगळीकडे पाणी असतं. इंजिन बंद पडलं तर पॅराशूट हळूहळू खाली येतं आणि माणूस पाण्यात टेकतो, अंगात लाइफ जॅकेट असतं. वाळूवरून उडताना खाली आणि आजूबाजूला काय काय असतं बघा: वाळू, खुर्च्या, माणसं, माड, विजेच्या तारा, रस्त्यापलीकडची हॉटेलं. उतरण्याची जागा बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी, आणि तिथे आणून सोडणं बोटवाल्याच्या हातात पूर्णपणे नसतंच.

म्हणून पातोंगला एक वेगळी पद्धत आहे. तुमच्याबरोबर तिथला एक पोरगा वर जातो. त्याला हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, नसतो. तुम्ही वाळू सोडली की तो अनवाणी उडी मारून तुमच्या डोक्यावरच्या दोऱ्यांवर चढतो आणि उतरताना दोऱ्या ओढून पॅराशूट किनाऱ्याकडे वळवतो. मी अर्धा तास त्या मुलांकडे बघत होतो. हाताच्या तळव्यांना घट्टे पडलेले, पायाच्या अंगठ्याने दोरी पकडायची सवय. त्यांच्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण आपल्या मुलाची सुखरूप उतरण्याची सगळी भिस्त दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या तळहातांवर, आणि त्या मुलाला काहीच बांधलेलं नाही, हे मला पटत नाही. तो सुटला तर दोघांचंही काय होईल? जुलै 2017 मध्ये पातोंगपासून जवळच, काटा बीचवर, एक ऑस्ट्रेलियन पर्यटक उड्डाणानंतर थोड्याच वेळात हार्नेसमधून सुटून पडला आणि वारला. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. पत्नी खालून व्हिडिओ काढत होती.

आता तुम्ही विचाराल, मग डेकवरून केलं की निर्धास्त? तसंही नाही. नोव्हेंबर 2011 मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर क्रूझवरून उतरलेल्या मायलेकी एकत्र उडाल्या. वारा वाढलेला, दोर तुटला. आई गेली, मुलगी गंभीर जखमी झाली. त्यांचाही तो एका दिवसाचाच थांबा होता. उलट नोव्हेंबर 2021 मध्ये दीवच्या नागोआ किनाऱ्यावर एका जोडप्याचा दोर तुटला, त्याचा व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिला असेल. ती दोघं समुद्रात पडली आणि लाइफ जॅकेटमुळे वाचली. दोर दोन्हीकडे तुटला, पण परिणाम अगदी वेगळा झाला.

दोराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पर्यटक हार्नेसकडे बघतात, दोराकडे कोणीच बघत नाही. नवा दोर खूप ताण सोसतो. पण दोराला गाठ मारली की त्या गाठीपाशी त्याची ताकद मोठ्या प्रमाणात कमी होते, आणि पॅराशूटच्या टोकाला गाठ असतेच. त्यात ऊन, खारं पाणी, वाळूचे कण, विंचवरचं घासणं. दोर जवळजवळ नेहमी त्या गाठीपाशीच तुटतो. म्हणून शिस्तीचा बोटवाला ठरावीक दिवसांनी टोकाचा काही फूट दोर कापून टाकतो आणि नवी गाठ मारतो. आमच्याकडे हंगामात दर आठवड्याला कापायचो. माझा खलाशी कुरकुरायचा, ‘इतको चांगलो दोर फुकट’. तुम्ही एवढंच करा: उडण्याआधी गाठीच्या अलीकडचा हातभर दोर बघा. धागे उभे राहून कापसासारखे फुलले असतील, दोर कडक होऊन त्यावर मिठाचा पांढरा थर असेल, किंवा मध्येच जोडगाठ दिसली तर जॅकेट काढून परत या. पैसे गेले तरी चालतील. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2014 मध्ये पॅरासेलिंगच्या अपघातांवर खास अहवाल काढला, त्यातही जोराचा वारा, कमकुवत झालेले दोर आणि खराब सामान हीच कारणं पुन्हा पुन्हा आली आहेत.

वाऱ्याचं गणित मात्र सगळ्यात महत्त्वाचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पॅराशूटवरचा जोर चौपट होतो. ताशी 20 किलोमीटरचा वारा 28 झाला तर ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण दोरावरचा ताण जवळपास दुप्पट झालेला असतो. फ्लोरिडात 2014 पासून कायदाच आहे: सततचा वारा ताशी 20 मैलांच्या वर, म्हणजे साधारण 32 किलोमीटरच्या वर असेल, झोत 25 मैलांच्या वर जात असतील, किंवा 7 मैलांच्या आत वीज चमकत असेल तर पॅरासेलिंग बंद. फुकेतला फ्लोरिडाचा कायदा लागू नाही, पण तोच आकडा तुम्ही स्वतःसाठी धरा. मी स्वतः मुलांसाठी 25 किलोमीटरलाच थांबायचो.

यंत्र नसलं तरी वारा वाचता येतो, आणि तुमच्याकडे त्यासाठी एक संधी आपोआप आहे. पातोंगला जहाज धक्क्याला लागत नाही, टेंडर नावाच्या छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. त्या प्रवासात मोबाइल खिशात ठेवून पाण्याकडे बघा. जानेवारीत तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, ईशान्येचा. किनाऱ्यामागे डोंगर आहेत, त्यामुळे वाळूलगतचं पाणी तेलासारखं शांत दिसतं आणि लोकांना वाटतं वाराच नाही. पण डोंगराचा आडोसा संपला की वारा लागतो, आणि पॅराशूट त्या आडोशाच्या वर जातं. जहाजाजवळच्या पाण्यावर लाटांचे माथे पांढरे फुटताना जागोजाग दिसले तर वर वारा जोराचा आहे असं समजा. तुरळक एखादा पांढरा ठिपका असेल तर ठीक. आणि क्षितिजावर काळा पट्टा दिसला व अचानक गार झोत अंगावर आला, तर पाऊस यायच्या आधीचा तोच झोत घातक असतो. त्या वेळी कोणी उडत असेल तरी तुम्ही उडू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलो ती सांगतो. क्रूझवरच्या माणसाला ‘उद्या येतो’ म्हणता येत नाही. मालवणला चार दिवस राहिलेला माणूस सकाळी वारा बघून म्हणतो, कप्तान, उद्या बघू. जहाजावरचा माणूस असं म्हणू शकत नाही. त्याला चारला परत जायचंय, मुलाला कबूल केलंय, पैसे भरलेत. त्याची घाई बोटवाल्याला लागते आणि दोघंही ‘चालतंय’ म्हणतात.

हे मी स्वतः केलंय. फेब्रुवारीतली गोष्ट, दुपारी तीन वाजता वायव्येचा वारा चढायला लागला होता आणि मी बोट किनाऱ्याला लावायच्या तयारीत होतो. एक जोडपं आलं. लग्नाला महिनाच झालेला, चार वाजता त्यांची बस सुटणार होती. ‘दादा, एकच राउंड.’ मी हो म्हटलं. वर गेल्यावर सहा मिनिटांत वारा इतका वाढला की विंचने दोर ओढला जाईना. मोटर गुरगुरायची, दोर इंचभर यायचा आणि परत ताणायचा. अशा वेळी उपाय एकच असतो: बोट वाऱ्याबरोबर पळवायची, म्हणजे पॅराशूटला लागणारा वारा कमी होतो, दोर सैलावतो आणि तेवढ्यात विंचने भराभर गुंडाळून घ्यायचा. पण वारा किनाऱ्याकडे होता आणि त्या बाजूला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक. मला पळायला फार तर चारशे मीटर होते. तेवढ्यात दोर गुंडाळला नसता तर काय झालं असतं ते लिहवत नाही. ती दोघं हसत डेकवर उतरली, त्यांना काही कळलंच नाही, बससाठी धावत गेली. माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. त्या दिवसापासून दुपारी दोननंतर मी कोणालाही वर नेलं नाही, कोणाची बस असो वा लग्नाचा वाढदिवस.

म्हणून पातोंगला उतरल्यावर पॅरासेलिंग सगळ्यात आधी, खरेदी आणि जेवण नंतर. पहिल्या तासाभरातल्या टेंडरचं तिकीट घ्या. सकाळी वारा बहुधा मवाळ असतो आणि घड्याळ मानेवर बसलेलं नसतं.

घड्याळावरून आणखी एक. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. काही जहाजं फुकेतला घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत. तुमचा मोबाइल मात्र किनाऱ्यावर नेटवर्क मिळताच स्वतःहून थायलंडची वेळ दाखवायला लागतो. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत असेल तर मोबाइलवर तीन वाजलेत तेव्हा जहाजावर चार वाजलेले असतात आणि शेवटची टेंडर सुटत असते. उतरताना जहाजावरचं घड्याळ बघा आणि मनगटी घड्याळ तसं लावून घ्या.

बुकिंग जहाजावरून महाग पडतं, हे खरं. पण जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, तुम्ही स्वतः ठरवलेल्या सहलीसाठी थांबत नाही. शिवाय त्यांनी बोटवाल्याची कागदपत्रं निदान एकदा तरी बघितलेली असतात. मात्र जहाजाने विकलं म्हणजे जबाबदारी जहाजाची, असं समजू नका. तुम्ही सही करता त्या कागदावर बहुतेक वेळा तो बोटवाला स्वतंत्र ठेकेदार असल्याचं लिहिलेलं असतं. सहलींच्या काउंटरवर जाऊन एकच प्रश्न विचारा: ‘उड्डाण बोटीच्या डेकवरून की वाळूवरून?’ उत्तर देता आलं नाही तर घेऊ नका. कोरल आयलंडच्या सहलीत पॅरासेलिंग मिळेल असंही कोणी सांगेल, पण ते बेट चालोंगच्या धक्क्यावरून आहे, पातोंगपासून डोंगर ओलांडून जायचं. सहा तासांत ते माझ्या हिशेबात बसत नाही. पेनांगला बाटू फेरिंघीला पॅरासेलिंग होतं, तिथेही हाच प्रश्न विचारा. आणि निघण्याआधी प्रवास विम्याचा कागद वाचा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात किंवा त्यासाठी वेगळी भर द्यावी लागते. पॅरासेलिंग हा शब्द त्यात आहे का, ते विमा कंपनीला ईमेलवर लेखी विचारून घ्या.

मुलाबद्दल. 34 किलोचं मूल एकटं उडवू नये. हलकं वजन जोराच्या वाऱ्यात खाली यायला मागत नाही. डेकवरच्या बोटीत वडील आणि मुलगा शेजारी शेजारी जाऊ शकतात, एकूण वजन शंभर-सव्वाशेच्या आसपास गेलं की पॅराशूट स्थिर राहतं. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचंच हवं. खांद्यांपाशी धरून वर उचलून बघा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे. जॅकेट आधी, हार्नेस वरून. मग प्रत्येक बक्कल तुम्ही स्वतः हाताने ओढून बघायचं: छातीचं एक, मांड्यांची दोन, आणि डोक्यावरच्या आडव्या दांड्याला अडकवलेले दोन्ही हूक. खलाशाने आधी बघितलं असलं तरी बघायचं. मी माझ्या मुलीचं बघतो तेव्हा माझ्या खलाशाला राग येत नाही. गळ्यात मंगळसूत्र, कानात लोंबते डूल, ओढणी, चष्मा काही नको. सकाळच्या बुफेवर दोन इडल्या आणि चहा, बस. वर लटकून हळूहळू झुलताना पोट भरलेलं असेल तर मळमळतं. आणि कप्तानाला आधी विचारा, ‘पाण्यात पडलो तर आम्ही काय करायचं?’ जो नीट समजावून सांगेल त्याच्याबरोबर जा.

मुलाला हेही सांगून ठेवा की वर गेल्यावर झोपाळ्यासारखे मोठे झोके नसतात. बोटीचा आवाज खालीच राहतो. दोनशे मीटर दोर सुटला म्हणजे दोनशे मीटर उंची असंही नव्हे, दोर तिरका असतो, उंची त्याच्या निम्म्याच्या थोडी पुढे-मागे. तिथे फक्त दोरीची शीळ ऐकू येते. माझी मुलगी पहिल्यांदा गेली तेव्हा खाली येऊन म्हणाली, ‘बाबा, मला माझा श्वास ऐकू येत होता.’ आठ-दहा मिनिटं असतात. ती मुलाच्या लक्षात राहतील, म्हणूनच घाईत उरकू नका.

आणि आजोबा. वाळूवर उतरताना गुडघ्यांवर झटका बसतो आणि वाळू सपाट नसते, म्हणून ती पद्धत त्यांच्यासाठी बाद. डेकवरून जायचं असेल तर इथून निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. बीपी आटोक्यात आहे का आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे दोन्ही डॉक्टरांना नेमकं सांगा. डॉक्टर नाही म्हणाले तर त्यांना बोटीत बघे म्हणून बसवता येतं, त्याचं तिकीट बहुधा कमी असतं आणि बुकिंग करतानाच सांगावं लागतं. जागा विंचच्या बाजूची मागू नका, दोर ताणलेला असताना तिथे कोणी बसू नये. पुढच्या बाजूला, कप्तानाच्या शेजारी. तिथून नातू पूर्ण वेळ दिसतो.